हृदय-गतिप्रेरण, शरीरक्रियानुसारी

हृदयाचे ठोके नैसर्गिक रीत्या पुरेशा गतीने पडेनासे झाले म्हणजे छातीच्या त्वचेखाली बसविलेल्या उपकरणातून सूक्ष्म विद्युत्‌ स्पंद पाठवून ते पाडण्यात येतात. या उपचारास हृदय-गतिप्रेरण म्हणतात. उपकरणाला गतिप्रेरक असे पारिभाषिक नाव असले, तरी लोकव्यवहारात ते पेसमेकर याच नावाने परिचित आहे. ठोक्यांची संख्या भरून काढणे एवढाच या उपचाराचा आरंभीचा हेतू होता. तथापि निरोगी हृदयाचे कार्य केवळ संख्येवर अवलंबून नसते. अलिंदांनंतर निलयांचे आकुंचन होणे हा क्रम, शरीराच्या गरजेनुसार कमीजास्त होणारा वेग आणि निलयांमध्ये विद्युत्‌ आवेग ज्या मार्गाने प्रवेश करतो तो मार्ग, या तीन गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या असतात. यांचे शक्य तितके जवळचे अनुकरण करणाऱ्या पद्धतींना शरीरक्रियानुसारी गतिप्रेरण ही संज्ञा आहे. प्रस्तुत नोंदीत या पद्धतींचे तत्त्व व विकास यांची माहिती दिली असून, मोठ्या रुग्णालयांपासून दूर राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने त्यांचा विचार करण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचे उदाहरण घेतले आहे.

नैसर्गिक गतिप्रेरण : हृदयात वरचे दोन कप्पे अलिंदे व खालचे दोन कप्पे निलय होत. उजव्या अलिंदात ऊर्ध्व महानीला जेथे उघडते, तेथील कोटर-अलिंद गाठ हा हृदयाचा नैसर्गिक गतिप्रेरक होय. विश्रांतीच्या वेळी ती मिनिटाला ६० ते १०० आवेग निर्माण करते. आवेग दोन्ही अलिंदांत पसरून त्यांचे आकुंचन होते आणि नंतर तो अलिंद-निलय गाठीत पोहोचतो. येथे तो सुमारे एकदशांश सेकंद रेंगाळतो. हा विलंब सहेतुक आहे, कारण तेवढ्या अवधीत अलिंदांतील रक्त निलयांत उतरून ते पूर्ण भरतात. गाठीतून निघालेला आवेग हिस जुडगा नावाच्या बारीक तंतूंच्या दोरीतून निलयांमधील पडद्यात उतरतो. पुढे या जुडग्याच्या उजवी व डावी अशा दोन शाखा होतात आणि त्या पुर्किंजे तंतूंच्या जाळ्यात विभागल्या जातात. या खास तंतूंतून आवेग सेकंदाला सुमारे २ ते ४ मी. वेगाने जातो, तर साध्या हृद्‌स्नायूतून त्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.३ ते ०.५ मी. एवढाच असतो. परिणामी दोन्ही निलयांचे सर्व भाग जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. विद्युत्‌ हृल्लेखात निलयांच्या उद्दीपनाची ही खूण सुमारे ०.०८ ते ०.१० सेकंद रुंदीची, म्हणजे अरुंद व टोकदार दिसते.

या यंत्रणेचे ज्ञान टप्प्याटप्प्याने झाले. चेक शास्त्रज्ञ पुर्किंजे (१७८७–१८६९) यांनी १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयातील तंतूंचे वर्णन केले. व्हिल्हेल्म हिस (१८६३–१९३४) यांनी १८९३ मध्ये अलिंदे व निलय यांना जोडणारा जुडगा दाखविला. जर्मनीत मारबुर्ग येथे काम करणारे जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा (१८७३–१९५२) यांनी १९०६ मध्ये अलिंद-निलय गाठ व तिच्यापासून निघणारी संपूर्ण शाखारचना स्पष्ट केली. पुढल्याच वर्षी आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी कोटर-अलिंद गाठीचा शोध लावला.

गतिप्रेरणाची गरज : कोटर-अलिंद गाठ थकल्यास हृदयाची गती मंदावते किंवा मध्येच काही सेकंद थांबते. अलिंद-निलय गाठ अथवा तिच्याखालचा मार्ग बिघडल्यास आवेग निलयांपर्यंत पोहोचत नाही. या विकृतीस हृद्‌रोध अथवा सामान्य भाषेत ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात. हृदयाच्या रोहिण्यांमधील अडथळ्यालाही लोक याच नावाने ओळखतात. परंतु तो रक्तपुरवठ्याचा दोष असून येथे वर्णिलेला दोष विद्युत्‌ संवहनाचा आहे. पूर्ण रोधात अलिंदे व निलय स्वतंत्रपणे चालतात. निलयांचे स्वतःचे ठोके मिनिटाला केवळ २० ते ४० पडतात व तेही भरवशाचे नसतात. अशा रुग्णास अकस्मात भोवळ येऊन तो कोसळतो, अंग पांढरे पडते, कधी झटकेही येतात. रॉबर्ट ॲडम्स (१८२७) व विल्यम स्टोक्स (१८४६) या आयरिश वैद्यांनी या झटक्यांचा मंद नाडीशी असलेला संबंध दाखविला व त्यांची नावे या लक्षणसमूहास मिळाली.

वार्धक्यात संवहन तंतूंची झीज होणे हे रोधाचे सर्वांत सामान्य कारण आहे. हृद्‌स्नायूचा रक्तपुरवठा खंडित होणे, हृदयावरील शस्त्रक्रिया, जन्मजात दोष आणि काही संसर्ग ही इतर कारणे होत. सर्वच रोध कायमचे नसतात. रक्तदाबावरील काही औषधे, डिजिटॅलिस, रक्तातील पोटॅशियमाची वाढ, अवटू ग्रंथीची मंद क्रिया यांमुळे नाडी मंदावली असल्यास मूळ कारण दूर करताच ती सुधारू शकते. महाराष्ट्रात घरांभोवती व देवळांच्या आवारात लावली जाणारी बिट्टी किंवा पिवळी कण्हेर हिच्या बिया विषारी असून त्यांमुळेही हृद्‌रोध होतो. अशा प्रसंगी नीलेतून तात्पुरती तार घालून काही दिवस गतिप्रेरण करावे लागते व विषाचा अंमल उतरल्यावर ती काढून टाकता येते. म्हणून कायमचे उपकरण बसविण्यापूर्वी रोधाचे कारण शोधणे आवश्यक असते.

गतिप्रेरकाचा विकास : अमेरिकेत अल्बर्ट हायमन यांनी १९३२ मध्ये हाताने किल्ली देऊन चालणारे यंत्र तयार केले. पॉल झोल (१९११–९९) यांनी १९५२ मध्ये छातीच्या त्वचेवरून विद्युत्‌ स्पंद देऊन रुग्णाचे हृदय चालू ठेवले. मात्र हे स्पंद अतिशय वेदनादायक होते. हृदय-शस्त्रक्रियेनंतर रोध झालेल्या बालकांना भिंतीवरील विजेच्या जोडणीवर चालणारी यंत्रे लावावी लागत व वीज गेली की त्यांचे प्राण धोक्यात येत. १९५७ मध्ये मिनीआपोलिस येथे शल्यचिकित्सक लिलेहाय यांच्या सूचनेवरून अर्ल बॅकेन यांनी विद्युत्‌ घटावर चालणारा व अंगावर वागविता येणारा गतिप्रेरक बनविला. पुढील वर्षी न्यूयॉर्कमध्ये सीमूर फर्मन यांनी छाती न उघडता नीलेतून उजव्या निलयात तार नेण्याची रीत दाखविली. आजही याच मार्गाने तारा बसविल्या जातात.

शरीरात पूर्णपणे सामावलेला पहिला गतिप्रेरक ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे ओके सेनिंग यांनी बसविला. तो रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तयार केला होता आणि बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा वापरून त्याचे भाग राळेत ओतलेले होते. हे पहिले उपकरण काही तासच चालले. परंतु तो रुग्ण एकामागून एक वीसहून अधिक उपकरणांच्या आधारे २००१ पर्यंत जगला. १९६० मध्ये अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच (१९१९–२०११) व विल्यम चार्डॅक यांनी अधिक टिकाऊ उपकरण सिद्ध केले. पारा व जस्त यांचे विद्युत्‌ घट साधारणतः दोन वर्षांत संपत. १९७२ पासून लिथियम-आयोडीन घट वापरात आल्यावर हे आयुष्य अनेक वर्षांनी वाढले. सांप्रतचा गतिप्रेरक साधारणपणे २० ते ३० ग्रॅ. वजनाचा असून ८ ते १२ वर्षे चालतो.

आरंभीचे गतिप्रेरक ठरावीक गतीने अविरत स्पंद देत. हृदयाचा स्वतःचा ठोका पडला, तरी त्याची दखल ते घेत नसत. १९६० नंतरच्या दशकात बारू बर्कोव्हिट्स यांनी नैसर्गिक ठोका ओळखून स्वतः थांबणारा, म्हणजे गरजेपुरताच चालणारा गतिप्रेरक तयार केला. यंत्राने शरीराची चाहूल घेऊन वागावे, ही शरीरक्रियानुसारी गतिप्रेरणाची पहिली पायरी होय.

क्रम : एकाच तारेने उजव्या निलयास उद्दीपित केल्यास ठोक्यांची संख्या पुरी होते, पण अलिंदे व निलय यांचा मेळ राहत नाही. अलिंदांच्या आकुंचनामुळे निलयांत येणारे रक्त एकूण भरणाच्या सुमारे पाचवा भाग असते. वार्धक्यात निलयाची भिंत ताठर झाली असल्यास हा वाटा आणखी महत्त्वाचा ठरतो. निलय आकुंचित व झडपा बंद असताना अलिंदाचे आकुंचन झाले, तर रक्त मागे नीलांत ढकलले जाते. मानेत ठोके जाणवणे, धाप, थकवा, चक्कर ही त्याची लक्षणे असून उपकरण निर्दोष चालत असतानाही ती उद्‌भवतात. यालाच ‘पेसमेकर लक्षणसमूह’ म्हणतात.

हा दोष टाळण्यासाठी अलिंदात एक व निलयात एक अशा दोन तारांचे गतिप्रेरक १९८० च्या सुमारास प्रचारात आले. असा गतिप्रेरक अलिंदाचा ठोका ओळखतो, अलिंद-निलय गाठीप्रमाणे क्षणभर थांबतो आणि नंतर निलयास स्पंद देतो. अलिंदाचा ठोका पडला नाही, तर तोही तो स्वतः पाडतो. गतिप्रेरकाच्या कार्याचे वर्णन अक्षरांच्या संकेताने करतात. पहिले अक्षर कोणता कप्पा उद्दीपित होतो, दुसरे कोणत्या कप्प्याचे संवेदन होते व तिसरे संवेदनाला कोणता प्रतिसाद दिला जातो, हे दर्शविते. यास अनुसरून एका निलयावर चालणाऱ्या साध्या प्रकारास ‘व्हीव्हीआय’ व दोन्ही कप्प्यांवर चालणाऱ्या प्रकारास ‘डीडीडी’ म्हणतात. कोटर-अलिंद गाठीच्या विकारातील २,०१० रुग्णांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन तारांमुळे मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. मात्र अलिंदांच्या अनियमित तंतुकंपाचे प्रमाण कमी झाले. हे तंतुकंपन कायमचे जडलेल्या रुग्णात अलिंदाचे सुसंगत आकुंचन नसतेच. म्हणून त्यास अलिंदातील तारेचा उपयोग होत नाही.

वेग : श्रम करताना स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो व निरोगी हृदय आपली गती वाढविते. कोटर-अलिंद गाठ शाबूत असेल, तर दोन तारांचा गतिप्रेरक तिच्यामागून जातो व वेग आपोआप बदलतो. गाठच निकामी असेल, तर उपकरणाला श्रमाची जाणीव अन्य मार्गाने करून द्यावी लागते. १९८० नंतरच्या दशकात यासाठी संवेदक बसविलेले गतिप्रेरक आले. चौथ्या स्थानी येणारे ‘आर’ हे अक्षर या सोयीचे निदर्शक आहे. सर्वांत प्रचलित संवेदक शरीराची हालचाल किंवा त्वरण ओळखतो. दुसरा प्रकार श्वासाबरोबर छातीच्या विद्युत्‌ रोधात होणारा बदल मोजून श्वसनाचे प्रमाण अजमावतो.

या संवेदकांच्या मर्यादा जुन्नरजवळील शिवनेरी किल्ल्याच्या उदाहरणाने स्पष्ट होतील. सात दरवाजांच्या वाटेने गड चढणाऱ्या माणसाचे पाऊल सावकाश पडते, पण हृदयावरचा भार मोठा असतो. उतरताना पावले धाडधाड पडतात, पण श्रम कमी असतात. केवळ हालचाल मोजणारा संवेदक त्यामुळे चढतानापेक्षा उतरताना गती अधिक वाढविण्याची शक्यता असते. डोक्यावर पाण्याचा हंडा किंवा गवताचा भारा घेऊन संथपणे चालणाऱ्या व्यक्तीचे श्रमही त्याला पुरेसे उमगत नाहीत. श्वसनावर चालणारा संवेदक येथे अधिक योग्य अंदाज देतो. म्हणून काही उपकरणांत दोन्ही प्रकार एकत्र वापरतात. संवेदकाची तीव्रता व गतीची कमाल मर्यादा रुग्णाच्या प्रत्यक्ष कामाप्रमाणे बाहेरून बदलता येते. त्यासाठी रुग्ण कोणते काम करतो, हे तपासणाऱ्यास ठाऊक असणे आवश्यक असते.

स्थान : क्रम व वेग यांचे प्रश्न सुटल्यावरही एक प्रश्न राहिला. नीलेतून नेलेली तार बहुधा उजव्या निलयाच्या टोकाशी रोवली जात असे, कारण तेथे ती सहज बसते व सुटत नाही. परंतु तेथून निघालेला आवेग संवहन तंतूंतून न जाता साध्या स्नायूतून मंद गतीने पसरतो. प्रथम उजवा निलय व मधला पडदा आणि बऱ्याच उशिरा डाव्या निलयाची बाहेरची भिंत आकुंचित होते. एक भिंत आवळत असताना समोरची सैल असते, त्यामुळे शक्तीचा अपव्यय होतो. विद्युत्‌ हृल्लेखातील निलयांची खूण ०.१२ सेकंदाहून अधिक रुंद होते.

एखाद्या ठोक्यात हा दोष नगण्य वाटेल. पण मिनिटाला ७२ ठोके धरल्यास दिवसात एक लाखाहून अधिक व १० वर्षांत सुमारे ३८ कोटी ठोके पडतात. प्रत्येक ठोका वाकड्या वाटेने पडत राहिल्यास काही रुग्णांचा डावा निलय हळूहळू पसरतो व दुबळा होतो. ज्यांचे निलय सतत यंत्रावर चालतात, अशांपैकी सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत असा बिघाड होतो, असे निरनिराळ्या अभ्यासांत आढळले आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०६ रुग्णांच्या एका चाचणीत आधीच दुबळ्या असलेल्या हृदयांना निष्कारण दिलेले निलयी गतिप्रेरण अपायकारक ठरले. हाँगकाँगमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १७७ रुग्णांची तुलना केली होती. डाव्या निलयात भरलेल्या रक्तापैकी एका आकुंचनात बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण एका वर्षानंतर केवळ उजव्या निलयाचे प्रेरण झालेल्यांत सरासरी ५४.८ टक्के होते, तर दोन्ही निलयांचे प्रेरण झालेल्यांत ते ६२.२ टक्के होते.

या निष्कर्षांतून दोन मार्ग पुढे आले. ज्यांचा रोध अधूनमधूनच होतो, त्यांच्यात उपकरणाने अधिक वेळ वाट पाहावी व नैसर्गिक मार्गाला संधी द्यावी, हा पहिला मार्ग होय. यासाठी उपकरणात विशेष कार्यक्रम योजलेले असतात. ज्या रुग्णास सतत प्रेरणाची गरज आहे, त्याच्यात आवेगाचे स्थानच बदलणे हा दुसरा मार्ग होय. १९९४ पासून फ्रान्समधील वैद्यांनी उजव्या निलयाबरोबर डाव्या निलयालाही तार लावून दोहोंचे आकुंचन एकाच वेळी घडवून आणले. डाव्या निलयाची तार हृदयाच्या स्वतःच्या नीलांमधून त्याच्या बाह्य भिंतीपर्यंत नेली जाते. डाव्या शाखेच्या रोधामुळे दुबळ्या झालेल्या हृदयांत या उपचाराने लक्षणे व मृत्यू या दोहोंचे प्रमाण घटते, हे पुढील चाचण्यांतून सिद्ध झाले. मात्र दोन ठिकाणांहून निघालेल्या दोन लाटा एकमेकींना मिळणे हेही नैसर्गिक संवहन नव्हे. शिवाय हे उपकरण महाग असते व प्रत्येक रुग्णाच्या नीला सोयीच्या नसतात.

हिस जुडगा व डावी शाखा : तार थेट संवहन मार्गावरच लावावी, म्हणजे पुढील प्रवास हृदयाच्या स्वतःच्या तंतूंतून होईल, ही कल्पना यापेक्षा सरळ आहे. अमेरिकेतील प्रमोद देशमुख व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये हिस जुडग्याच्या कायम गतिप्रेरणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांचे रुग्ण अलिंदांचे कायम तंतुकंपन व पसरलेले, दुबळे हृदय असलेले होते. १८ रुग्णांपैकी १२ रुग्णांत कायमची तार यशस्वीपणे बसविता आली. अशा प्रेरणानंतर विद्युत्‌ हृल्लेखातील खूण नैसर्गिक ठोक्यासारखीच अरुंद राहते. शाखेतील रोधाचे मूळ जुडग्यात वरच्या बाजूस असेल, तर ती पुन्हा अरुंदही होऊ शकते.

तथापि हिस जुडगा बारीक असून तंतुमय ऊतीने वेढलेला असतो. त्यामुळे त्याचे नेमके स्थान सापडणे अवघड जाते. उद्दीपनासाठी अधिक विद्युत्‌ दाब लागून घट लवकर झिजतो आणि काही रुग्णांत हा दाब काळाबरोबर वाढत जाऊन तार पुन्हा बसवावी लागते. रोध जुडग्याच्याही खाली असल्यास या प्रेरणाचा उपयोग होत नाही. चीनमधील वनजो येथील वेइज्यान हुआंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यावर नवा उपाय वर्णन केला. हिस जुडग्याच्या किंचित पुढे, उजव्या निलयाच्या बाजूने मधल्या पडद्यात बारीक मळसूत्री तार फिरवीत खोल नेली, तर तिचे टोक पडद्याच्या डाव्या अंगाखाली पसरलेल्या डाव्या शाखेला भिडते. ही शाखा पंख्यासारखी पसरलेली असल्याने लक्ष्य रुंद मिळते, थोड्या दाबाने उद्दीपन होते व ते स्थिर राहते. तार कोठवर पोहोचली, हे विद्युत्‌ हृल्लेखाच्या बदलत्या आकृतीवरून ओळखतात. ती अधिक आत गेल्यास पडदा छेदून डाव्या निलयात शिरण्याचा धोका असतो. त्यामुळे या कृतीस विशेष प्रशिक्षण आवश्यक ठरते.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य विशेष उल्लेखनीय आहे. तीसाठी वेगळे महागडे स्पंदजनक लागत नाही. नेहमीचाच एक किंवा दोन तारांचा गतिप्रेरक चालतो. फरक असतो तो तारेच्या प्रकारात, ती नेणाऱ्या नळीत व बसविणाऱ्याच्या कौशल्यात. म्हणजे गतिप्रेरण शरीरक्रियानुसारी होणे हे केवळ यंत्राच्या किमतीवर अवलंबून राहिलेले नाही. दीर्घकालीन परिणामांसाठी मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत. २०२३ मध्ये अमेरिका व आशिया-पॅसिफिक येथील हृत्ताल-वैद्यक संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सुमारे २० ते ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठोके यंत्रावर पडण्याची अपेक्षा असलेल्या रुग्णांत अशा पद्धतींचा विचार करण्याची शिफारस आहे. विशेषतः डावा निलय काहीसा दुबळा असल्यास ही शिफारस अधिक लागू पडते.

योग्य पद्धतीची निवड : सर्वांना एकच पद्धत योग्य नसते. वर्षातून एखाद्या वेळी ठोका थांबणाऱ्या वयोवृद्ध व्यक्तीस उजव्या निलयातील एका तारेचा साधा गतिप्रेरक पुरेसा होतो. पूर्ण रोध असलेल्या चाळिशीतल्या शेतकऱ्याला मात्र पुढील तीस-चाळीस वर्षे प्रत्येक ठोक्यासाठी यंत्रावर विसंबावयाचे असते. त्याच्यासाठी क्रम व स्थान या दोहोंचा विचार अगत्याचा ठरतो. २०१२ नंतर प्रचारात आलेला, तारेविना थेट उजव्या निलयात बसविला जाणारा कुपीसारखा गतिप्रेरक त्वचेखालील कप्प्याचा व तारेचा संसर्ग टाळतो. परंतु निलयात बसविलेल्या अशा उपकरणाने निलयाच्या आकुंचनाचा आरंभ उजव्या बाजूच्या स्नायूपासूनच होतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने वा नातलगांनी तीन गोष्टी वैद्यास विचारणे उचित होय : किती ठोके यंत्रावर पडतील, डाव्या निलयाची शक्ती सध्या किती आहे आणि तार कोठे बसविली जाणार आहे.

जुन्नर व आंबेगाव : या दोन तालुक्यांतून जाणारा पुणे–नाशिक रस्ता मंचर, नारायणगाव व आळेफाटा या बाजारगावांना जोडतो. पूर्वेकडील सपाट भागात कांदा, टोमॅटो, ऊस व द्राक्षे यांची बागायती शेती आहे. पश्चिमेस नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूंना सह्याद्रीच्या डोंगरात अतिपावसाचा प्रदेश असून तेथे मुख्यत्वे महादेव कोळी व ठाकर या आदिवासींची वस्ती आहे. रस्त्याने मंचर पुण्यापासून सुमारे ६० किमी. व जुन्नर सुमारे ९५ किमी. आहे. डोंगरातील वाड्या त्याहून कितीतरी दुर्गम आहेत. अशा प्रदेशातील रुग्णाची वाटचाल सामान्यतः प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाकडे आणि तेथून पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाकडे होते.

या वाटचालीत पहिला अडथळा निदानाचा असतो. बांधावर किंवा चुलीपुढे अचानक कोसळलेल्या वृद्धाला ‘फिट आली’, ‘चक्कर आली’, ‘अशक्तपणा आहे’ किंवा ‘बाहेरचे झाले’ असे समजून सोडून दिले जाते. पडून हाड मोडले, तर उपचार हाडावरच होतो. वस्तुतः घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजणे एवढ्याने पुष्कळदा संशय येऊ शकतो. हे काम आशा कार्यकर्ती किंवा घरातील शिकलेली व्यक्तीही करू शकते. कोसळण्याचा इतिहास व मिनिटाला ४० हून कमी नाडी असे दोन्ही आढळल्यास त्याच दिवशी विद्युत्‌ हृल्लेख काढावयास हवा. रोध अधूनमधून होणारा असेल, तर एक हृल्लेख निर्दोष येऊ शकतो. म्हणून चोवीस तास किंवा अधिक काळ नोंद घेणारे छोटे यंत्र अंगावर बांधावे लागते.

दुसरा अडथळा खर्चाचा. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, २०१३ मध्ये ती राज्यभर लागू केली आणि २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. संलग्न रुग्णालयांत या योजनेखाली गतिप्रेरक बसविता येतो. त्यामुळे गतिप्रेरक मिळेल की नाही, या प्रश्नाबरोबरच कोणत्या पद्धतीचा मिळेल, हा प्रश्नही आता विचारता येऊ लागला आहे. दूर राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो अधिक निकडीचा आहे. धाप लागण्यास व पायांवर सूज येण्यास आरंभ झाला असता शहरातील रुग्ण लगेच तपासून घेतो, तर डोंगरातील रुग्ण भातलावणी आटोपेपर्यंत थांबतो. तोवर दुबळा होत गेलेला निलय पुन्हा पूर्ववत होईलच, असे नसते. म्हणून वारंवार येणे ज्याला अशक्य, त्याच्यात पहिल्याच वेळी योग्य स्थान निवडण्याचे मोल मोठे आहे.

तिसरी गरज नियमित तपासणीची. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी व पुढे साधारणतः दर सहा ते बारा महिन्यांनी घटाची शिल्लक, उद्दीपनास लागणारा दाब व यंत्रावर पडलेल्या ठोक्यांचे शेकडा प्रमाण पाहतात. सततच्या निलयी प्रेरणात अधूनमधून हृदयाची श्राव्यातीत तपासणीही आवश्यक असते. काही नवी उपकरणे भ्रमणध्वनीच्या जाळ्यामार्फत माहिती रुग्णालयाकडे पाठवितात. डोंगराळ भागात जेथे हे जाळे विरळ आहे, तेथे प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. उपकरणाचा प्रकार व तारांची माहिती असलेले ओळखपत्र रुग्णाने सतत जवळ बाळगावे, म्हणजे अन्य ठिकाणी उपचाराची वेळ आल्यास अडचण पडत नाही.

दैनंदिन काळजी : तार पक्की बसेपर्यंत, म्हणजे सुमारे चार ते सहा आठवडे, त्या बाजूचा हात खांद्यापेक्षा वर नेऊ नये व जड वजन उचलू नये. मात्र हात पूर्ण बांधून ठेवल्यास खांदा आखडतो. त्यानंतर बहुतेक रुग्णांना शेतीची नित्याची कामे करता येतात. जखमेच्या जागी लाली, सूज किंवा पू दिसल्यास घरगुती लेप न लावता रुग्णालय गाठणे अत्यावश्यक आहे, कारण संसर्ग तारेवाटे हृदयापर्यंत जाऊ शकतो.

प्रबळ विद्युत्‌ चुंबकीय क्षेत्रामुळे उपकरणाची फसगत होऊ शकते. भ्रमणध्वनी उपकरणापासून सुमारे १५ सेंमी. दूर, शक्यतो विरुद्ध बाजूच्या कानाशी धरावा. विहिरीवरील विजेचा पंप योग्य भूसंपर्कित असल्यास हातभर अंतरावरून वापरण्यास हरकत नसते. मात्र गळती असलेल्या मोटारीचा झटका कोणासही घातक असतो व गतिप्रेरक असलेल्यास विशेष घातक. वेल्डिंगचे काम करणाऱ्याने वैद्याचा सल्ला घेतल्याखेरीज ते पुन्हा सुरू करू नये. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यापासून गतिप्रेरकास अपाय होईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ही दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ तरंगांचे केवळ ग्रहण करते, प्रक्षेपण करीत नाही. त्यामुळे तिच्या परिसरात वावरण्याने गतिप्रेरकावर काही परिणाम संभवत नाही.

रुग्णाच्या मृत्यूनंतर दहनापूर्वी गतिप्रेरक काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने त्यातील लिथियम घटाचा स्फोट होतो व चितेजवळील व्यक्तींना इजा होऊ शकते. घरच्यांनी ही गोष्ट मृत्यूचा दाखला देणाऱ्या वैद्याच्या वेळीच निदर्शनास आणावी. काढलेल्या उपकरणांत कधी कधी पुष्कळ आयुष्य शिल्लक असते. अमेरिकेतील अंत्यसंस्कार संस्थांकडून मिळालेले असे गतिप्रेरक निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसविण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अनुभवात एकाही रुग्णात उपकरणाचा संसर्ग किंवा महत्त्वाचा बिघाड आढळला नाही. उत्पादकांच्या मते ही उपकरणे एकाच व्यक्तीसाठी बनविलेली असतात. त्यामुळे त्यांचा पुनर्वापर हा सर्वत्र मान्यता पावलेला उपाय नसून वैद्यकीय नीती व कायदा यांच्या चौकटीत चर्चिला जाणारा विषय आहे.